दोन बोटं माया

काल मी आपल्या लेकीसमोर तुझ्या नावावर एक खोटं खपवलं. आधी ते सांगतो, म्हणजे माझं मन मोकळं होईल. मग बाकीचं.

तू गेल्याला महिना झाला. आईचं कपाट आवरायला येते, असं सुजी निपाणीहून फोनवर चारदा म्हणाली आणि चारही वेळा मी "बघू की, काय गडबड हाय" म्हणून टाळलं. काल ती न विचारताच आली. आल्या आल्या ओढणी कमरेला बांधली आणि कपाट उघडलं. साड्यांना तिनं हात लावला नाही. ब्लाउज तेवढे काढून पलंगावर मांडले. मोरपंखी, जांभळे, खणाचे, साध्या कटपिसाचे, सगळे घरी शिवलेले. एकालाही शिंप्याचा हात लागलेला नाही. म्हणाली, "आप्पा, हे मी नेणार. मी घालणार."

मी म्हणालो, "तुला कुठले बसतात? तू तुझ्या आईच्या दीडपट."

तिनं तोंड फुगवलं आणि एक ब्लाउज उलटा करून माझ्या नाकापुढं धरला. बाजूच्या शिवणीत एकापुढं एक चार टिपा, आणि शेवटच्या टिपेच्या पुढं दोन बोटं रुंद कापड नुसतं आत सोडलेलं. "बघा. दोन टिपा उसवल्या की मला बसतंय. आईनं माया कसली ठेवलीया."

मग ती तुझ्या मशीनवर बसली. मी सोप्यात पेपर घेऊन बसलो होतो. मशीन चालू झालं आणि मी पेपरातनं मान न उचलता म्हणालो, "अगं, चहा टाकतीस का?" आतलं मशीन थांबलं. थोड्या वेळानं सुजीनं चहा आणून दिला, तेव्हा तिचे डोळे लाल होते. मी पेपर तसाच तोंडापुढं धरून ठेवला.

दुपारपर्यंत तिनं सगळे उसवले, टिपा मारल्या, घड्या घातल्या. एक जांभळा शेवटी राहिला होता. तो उलटा केला, शिवणीवरनं बोट फिरवलं आणि थांबली. "आप्पा, ह्यात माया न्हाय. कापलीया. कुणी कापली ही?"

मी म्हणालो, "तुझ्या आईनंच कापली आसंल."

घे. हे ते खोटं. तुझ्यावर खापर फोडून मी मोकळा झालो. सुजीनं माझ्याकडं जरा वेळ बघितलं, ब्लाउजाची घडी केली आणि मशीनच्या फळीवर ठेवला. बाकीचे पिशवीत भरून संध्याकाळच्या बसनं गेली. जांभळा इथंच आहे, माझ्या शेजारी. ती माया मी कापली हे तुला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे. मला ठाऊक नाही ते एवढंच, की त्या दिवशी तू शिवणीत बोट घातलंस तेव्हा तुला काय कळलं. ते तुझ्याशिवाय कोण सांगणार? म्हणून तुलाच विचारायला बसलोय.

कशात लिहितोय ते बघितलंस तर भडकशील. तुझ्या मापांच्या वहीत. मागची पानं कोरी होती. पुढची आज सकाळी चाळत बसलो. सुजीचं पहिलं झबलं, तिथं माप म्हणून नुसतं "एक वीत चार बोटं" लिहिलंयस. मग तिचे फ्रॉक, शाळेचा निळा स्कर्ट, परकर-पोलकं, लग्नातले ब्लाउज. माझी कंबर तीसवरून छत्तीसवर गेलेली आणि छत्तीसच्या खाली तू लाल पेनानं दोन रेघा मारलेल्या. तुझं माप मात्र कुठंच नाही. सगळी वही मी दोनदा बघितली. स्वतःचा ब्लाउज कापायचा असला की तू जुना ब्लाउज पुढ्यात टाकून त्यावरनं कापायचीस, त्यामुळं तुझ्या अंगाला टेप कधी लागलाच नाही. आता तुझं माप कुणी विचारलं तर दाखवायला माझ्याकडं हा जांभळा तेवढा आहे, आणि तोही शेवटच्या दिवसांतला.

आपलं भांडण आठवतंय ना? मी मच्छेला कारखान्यात तेहतीस वर्षं लेथवर उभा राहिलेला माणूस. केसाच्या जाडीइतकं इकडंतिकडं झालं की जॉब भंगारात, हे माझ्या हाडात मुरलेलं. आणि घरी तू. बोटानं मोजणार, वितेनं मोजणार, कापडावर खडूनं रेघ मारणार आणि कात्री मात्र रेघेच्या बाहेरनं चालवणार. मग रेघ मारतीस कशाला, असं विचारलं की म्हणायचीस, "रेघ शिवायला. कापायला न्हाय." मला ते कधी पटलं नाही. माप म्हणजे माप.

एका रविवारी मी माझ्या शर्टाचा पत्र्याचा फर्मा करून आणला. छाती, मुंढा, कॉलर, सगळं मोजूनमापून. तुला बजावलं, ह्या कडेनंच कापायचं, एक सूतसुद्धा बाहेर जायचं नाही. तू कपाळाला हात लावलास, पण कापलंस. शर्ट असा झाला की कारखान्यात दोघांनी शिंप्याचा पत्ता विचारला. आठवडाभर मी तुझ्यापुढं मान ताठ करून हिंडलो. मग खानापूरला मावसभावाचं लग्न होतं. मंगलाष्टका झाल्या, मी अक्षता टाकायला हात वर केला आणि शर्ट काखेपासनं कमरेपर्यंत टर्रकन गेला. तू बायकांत बसून तोंडाला पदर लावून अशी हादरत होतीस की शेजारच्या बाईला वाटलं, तू नवरीसाठी रडतीयास. तिनं तुझ्या पाठीवरनं हातसुद्धा फिरवला. परत येताना बसमध्ये म्हणालीस, "माप चुकलं न्हाय वो तुमचं. पर अंग हालतंय. ते काय लोखंड हाय व्हय?"

मी काही हार मानली नाही. म्हणालो, आम्हाला अडाणी समजू नकोस, आमच्यातही आधी माल थोडा जास्त ठेवतात. पण काम संपलं की तो जास्तीचा माल उतरवून टाकतात. जन्मभर आत घेऊन बसत नाहीत.

"तुमचं काम संपतंय," तू म्हणालीस. "अंगाचं कुठं संपतंय? आज बारीक हाय, उद्या भरतंय. परवा पोरीला लागतंय."

मी पुढं काहीतरी बोलणार, एवढ्यात तुझं ठरलेलं आलं, "इर्ली बिडरी." माहेरचं कन्नड. राहू द्या की आता. चाळीस वर्षं आपलं प्रत्येक भांडण तू ह्याच दोन शब्दांवर आणून सोडलंस, त्यामुळं एकही पुरं झालं नाही. तेव्हा मला त्याचा राग यायचा. मला पुरतं हरवून तरी टाक, नाहीतर मला जिंकू तरी दे, असं वाटायचं.

सुजी पहिल्या बाळंतपणाला आली तेव्हा तू परत तो विषय काढलास. तिचे सगळे ब्लाउज तू तिच्या लग्नात शिवलेले. दर महिन्याला एक टीप उसवायचीस. पाचव्यात एक, सहाव्यात एक, सातव्यात एक. पोर झाल्यावर तिसऱ्या महिन्यापासनं त्याच टिपा परत मारत गेलीस. मला मुद्दाम हाक मारून दाखवलंस, "बघा. तुमच्या फर्म्यात हे बसलं आसतं व्हय?" मी म्हणालो, "नऊ महिन्यांचे नऊ फर्मे केले असते." तू हात जोडलेस मला. मनातनं मला तेव्हाच पटलं होतं. बोललो नाही. आज बोलतो, तुझं बरोबर होतं.

कबूल करायचंच झालं तर आणखी एक आहे. घरी शिवलेले कपडे घालायची मला लाज वाटायची. कारखान्यात सगळे रेडिमेड पँट घालून यायचे, आणि माझ्या पँटचा खिसा गुडघ्यापर्यंत, का तर रुमाल, किल्ल्या, चष्मा सगळं मावलं पाहिजे. कणकुंबीला गेलो होतो तेव्हा तर तू कहरच केलास. खडेबाजारातनं एकाच कापडाचा अख्खा तागा उचलून आणलास, हिरव्यावर पिवळी फुलं. सुजीला फ्रॉक, तुला ब्लाउज, मला शर्ट आणि उरलं त्याचे खिडकीला पडदे. मी म्हणालो, हे घालून मी उंबऱ्याबाहेर पडणार नाही. पडलो. बसमध्ये आपण तिघं ओळीनं बसलो आणि कंडक्टर तिकिटं फाडता फाडता म्हणाला, "काय पावणं, बँड कुठल्या लग्नाला?" सगळी बस हसली. मी खिडकीबाहेर बघायला लागलो. तू मात्र त्याला कन्नडात असं काही सुनावलंस, आणि इतक्या भरभर, की माझं कारखान्यातलं कन्नड मागंच राहिलं. कंडक्टर परत आपल्या बाकाकडं फिरकला नाही. काय म्हणालीस, म्हणून मी कितीदा विचारलं. "तुमच्या कामाचं न्हाय," म्हणायचीस. आता ते कुणाला विचारू?

तो शर्ट मी नंतर सात-आठ वर्षं घरात घातला. कोपरावर विरला तेव्हा तू त्याच्या बाह्या कापून अर्ध्या केल्यास, कॉलर उलटी करून बसवलीस, शेवटी त्याची माझ्या डब्याची पिशवी केलीस. तुझ्या हातचं कापड कधी टाकलं गेलं नाही. आणि मी तुला एकदाही "छान झालंय" म्हटल्याचं आठवत नाही. "बरं हाय" म्हणायचो. बायको आहे, कळत असेल तिला, असं मी धरून चाललो. मशीनला दर रविवारी तेल मात्र घालायचो. शिवण तुझं, यंत्र माझं, अशी आपली वाटणी होती.

मग तू बारीक व्हायला लागलीस. रोज बघणाऱ्याला ते दिसत नाही. मला कळलं ते मशीनच्या आवाजावरनं. दर पंधरा दिवसांनी एखादा ब्लाउज घेऊन बसायचीस आणि कडेनं एक लांब टीप मारायचीस, मग दुसऱ्या कडेनं एक. टिपा आत आत चालल्या होत्या. मी म्हणालो, "बरं हाय की, पोरीसारखी दिसालीस." माझी जीभ झडायला हवी होती.

दवाखान्यात तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी तुला बाहेर बाकावर बसवलं, मला आत बोलावलं आणि खुर्ची दिली. खुर्ची दिली तेव्हाच मी काय ते ओळखलं. ते हळू बोलले, चांगले बोलले. फार काही करण्यासारखं उरलेलं नाही, वर्षं धरू नका, महिने धरा, म्हणाले. मी बाहेर आलो. तू पिशवी मांडीवर घेऊन बसली होतीस.

"काय म्हणालं?"

"आतड्याला सूज हाय. औषधानं उतरंल."

"सूज सांगायला एवढा येळ लागतोय व्हय?"

"पथ्य सांगत होते."

"कसलं पथ्य?"

आता आली पंचाईत. मी तोंडाला येईल ते बोललो. तिखट नको, तेल नको, मऊ भात, दूध. बास. भाकरीबरोबर खर्डा नसला तर ताटावरनं उठणारी बाई तू, दुसऱ्या दिवसापासनं गुमान मऊ भात खायला लागलीस. मी समोर बसून बघायचो. ते पथ्य मी रचलेलं होतं. मोडायला सांगायची मला हिंमत नव्हती, कारण ते मोडलं असतं तर बाकीचंही सांगावं लागलं असतं.

आठ दिवसांनी परत दाखवायला जायचं होतं. तुला मशीनवर बसवत नव्हतं. कॉटवर पडल्या पडल्या तू जांभळा ब्लाउज माझ्यापुढं टाकलास. "एक टीप आत घ्या की. पिना लावून डॉक्टरापुढं जाऊ व्हय?" मी तोवर मशीनला तेल तेवढं घातलं होतं, पण यंत्र म्हणजे यंत्र. तू खडूनं खुणा करून दिल्यास आणि मी दोन्ही बाजूंना टीप मारली. अगदी सरळ, तुझ्यासारखी नागमोडी नाही. मग उलटा करून बघितलं. आत हा ढीग. तुझ्या सगळ्या जुन्या टिपा, त्यांच्या पुढं माया, काखेखाली चार बोटं कापड गोळा झालेलं. हे हिला टोचेल, असं वाटलं. तुझी मोठी कात्री घेतली आणि टिपेपासनं इंचाचा आठवा भाग सोडून बाकीचं सगळं उतरवलं. सुटे धागे काढले. कडेवरनं बोट फिरवून बघितलं, कुठं काही लागत नाही ना. जॉब झाल्यावर करायचो तसं.

तू घातलास. इतका नेमका ब्लाउज तुझ्या अंगाला आजवर कधी बसला नव्हता. मी म्हणालो, "बघ. ह्याला म्हणतात माप." तू हसलीस. आणि मग सवयीनं तुझं बोट काखेखालच्या शिवणीत गेलं. एकदा वरनं खाली, एकदा खालनं वर.

"माया कुठं गेली वो?"

"कापली. जाड लागत होती."

तू माझ्याकडं बघितलंस. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. रिक्षावाला बाहेर हॉर्न वाजवत होता. "इर्ली बिडरी," म्हणालीस आणि माझ्या दंडाला धरून उठलीस.

महिनाभर मी स्वतःला सांगतोय की ती सवय होती. तेहतीस वर्षांचा हात आहे, जास्तीचं दिसलं की उतरवतो. सुजीला खरं सांगितलं असतं तर तेवढंच सांगितलं असतं. पण तुझ्या वहीत खोटं लिहवत नाही. कात्री लावायच्या आधी माझा हात थांबला होता. मनात आलं होतं, ही आता परत कधी उसवायची आहे? आणि उत्तरही आलं होतं. मग कापली. तोंडानं "उतरंल, उतरंल" म्हणत होतो आणि हातानं काम संपवून टाकलं. तुला हे कळलं का? नवऱ्यानं आपली आशा सोडली, आणि तीही आपल्याच कात्रीनं, आपल्या पुढ्यात बसून, असं वाटलं का तुला? तू गेलीस ह्याचं दुःख आहेच, ते मी सोसेन, माणसं सोसतात. पण मी तुझा हात आधीच सोडला असं मनात घेऊन तू गेली असशील, तर ते मला सोसणार नाही.

त्या दिवसानंतर तू ब्लाउजाचं नाव काढलं नाहीस. दोन दिवसांनी म्हणालीस, "ट्रंकेत पांढरं कापड हाय, काढा. पायजमे शिवूया तुमचे. मी सांगीन तसं शिवा." मला वाटलं, पडून पडून हिला कंटाळा आलाय, तेवढाच हिचा वेळ जाईल. म्हणून बसलो. पहिल्या पायजम्याचे दोन्ही पाय मी एकाच बाजूचे कापले, दोन्ही उजवे. जोडल्यावर जे काय तयार झालं त्यात कुठलाही माणूस शिरला नसता. तू इतकी हसलीस की पोट धरून कळवळलीस, आणि कळवळता कळवळता परत हसलीस. मला भीती वाटली आणि बरंही वाटलं.

मग रोज दुपारी शाळा. नेफा किती मुडपायचा, नाडी पिनेला अडकवून कशी ओवायची, बॉबिन कशी भरायची. बटण लावताना खाली दोऱ्याचे वेढे देऊन त्याला मान ठेवायची, नाहीतर ते काजात दबतं. "तिरकं गेलंय, उसवा." "घाई कुणाला हाय? उसवा." लेथवर शिकाऊ होतो तेव्हा उस्तादानंही मला इतकं उसवायला लावलं नव्हतं. कंबर टेपानं मोजायला लावलीस, छत्तीसची ती चौतीसच भरली. म्हणालीस, "दोन बोटं न्हाय, तीन सोडा."

"आता ह्या वयात मी काय वाढणार हाय?"

"वाढतंय. सोडा म्हटलं की सोडा."

मी वाद घातला नाही. आजारी माणसाशी काय वाद घालायचा, असा विचार केला. चार पायजमे झाले, दोन बंड्या झाल्या. चौथा पायजमा तू हातात घेऊन उलटा केलास, आत बोट घालून माया बघितलीस आणि माझ्याच सुरात म्हणालीस, "बरं हाय." त्यानंतर तू आठ दिवस होतीस.

आता घर कसं आहे म्हणशील, तर खासबागेतले विणकरांचे माग चालू असतात तोवर बरं असतं. त्या खडखडाटात एकटं वाटत नाही. माग बंद असले की मी पाण्याचा तांब्या ठेवला तरी त्याचा आवाज मला ऐकू येतो. कुणाला "अगं" म्हणायचं राहिलेलं नाही. दिवसातनं तो शब्द मी किती वेळा म्हणत होतो ते आता कळतंय, कारण तो तोंडात येतो आणि तिथंच राहतो. परवा बंडीचं बटण तुटलं. सुई ओवली, वेढे दिले, मान ठेवून लावलं. चांगलं लागलं. आणि दाखवायला म्हणून उठलो. आतल्या खोलीच्या दारापर्यंत गेलो आणि परत येऊन बसलो.

इथवर लिहिलं आणि वही मिटली. मग वाटलं, तुझ्यावरचं खापर तरी काढावं. सुजीला फोन लावला. म्हणालो, "सुजे, ती माया मी कापली. तुझ्या आईनं न्हाय."

ती म्हणाली, "मला ठाऊक हाय, आप्पा."

"कसं?"

म्हणाली, "आईनं त्याच दिवशी मला फोन केलता. दवाखान्यात तुमी औषधाच्या रांगेत हुतासा तवा. म्हणाली, डॉक्टरनी आप्पांना काय ते सांगितलंय. ते मला सांगंनात. पर त्यांनी माया कापलीया, म्हंजे आता जास्त दिवस न्हाईत."

तुझ्या मशीनच्या स्टुलावर बसलो. विचारलं, "रागावली हुती?"

"न्हाय वो. तुमचीच काळजी करालती. त्यांना खोटं बोलता येत न्हाय, लई वडाताण हुतीया त्यांची, म्हणाली. मला कळलंय हे त्यांना कळू द्यायचं न्हाय, म्हणून शपथ घातली मला. मी म्हटलं, मग ते पथ्य तरी सोड आई, खर्डा खा पोटभर. तर म्हणाली, खाल्ला तर त्यांना कळंल की."

फोन तसाच कानाला धरून आम्ही दोघं बसलो, मग तिनंच ठेवला.

म्हणजे मिळालं मला उत्तर. तुला सगळं कळलं होतं, त्याच दिवशी, आणि मी तुला सोडलं असं तुझ्या मनातही आलं नाही. ह्यानं मला बरं वाटायला हवं. वाटत नाही. अगं, रिक्षात तरी बोलायचं होतंस. घरी येऊन दार लावून एकदा दोघं मिळून रडलो असतो. मी तुला भाकरी थापून दिली असती, वेडीवाकडी का होईना, आणि खर्डा वाटला असता, हवा तेवढा तिखट. तसलं काही झालं नाही. एवढ्याशा खोलीत, तू कॉटवर आणि मी मशीनवर, एकच गोष्ट मनात घेऊन आपण दोघं एकेकटे बसून राहिलो.

दोन महिने मी समजत होतो की मी तुझ्यापासनं लपवतोय. आणि तू मला नाडी ओवायला शिकवत होतीस.